घोडके काका आणि खालची पट्टी

घोडके काकांशी माझी पहिली नीट गाठ पडली ती आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये, आणि तेव्हा त्यांच्या डोक्यावर निळे केस होते.

केस म्हणजे सुतळी. पाठीपर्यंत लोंबणारी, नीळ घालून रंगवलेली आणि अजून पुरती न वाळलेली. अंगात बायकोचा, म्हणजे मालनकाकूंचा, जुना काळा गाऊन, कमरेला पुठ्ठ्याची तलवार आणि पायात कंपनीचे सेफ्टी शूज. मी रविवारचा ओव्हरटाइम करून, तळवड्याच्या चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अर्धं आयुष्य घालवून, चाकणहून घरी येत होतो. अशा वेळी माणसाला काहीही दिसू शकतं, म्हणून मी आधी डोळे चोळून घेतले.

“कितवा?” काकांनी विचारलं. विचारलं म्हणजे लिफ्ट हादरली.

“सातवा,” मी म्हणालो.

त्यांनी ठामपणे पाचव्याचं बटण दाबलं. कमरेला तलवार असलेल्या माणसाची चूक काढायची माझी हिंमत झाली नाही. मी पाचव्यावर उतरलो, “थँक्यू” म्हणालो आणि उरलेले दोन मजले जिन्याने चढलो.

घरी येऊन बायकोला हा प्रकार सांगायला लागलो, तर आमची सई होमवर्कमधून मान वर न काढता म्हणाली, “घोडके काका ते. आज कॉस्प्ले होतं ना क्लबचं, मालिकेतल्यांसारखं नटायचं. काकांना ओके स्टिकर मिळालं.”

“कुणी दिलं?”

“काकांनीच.”

चिंचवडच्या त्या सोसायटीत राहायला येऊन आम्हाला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. सई क्लबला जाते एवढं मला माहीत होतं. मी समजत होतो, चित्रकलेचा असेल. ती चौथीत होती आणि घरात सारखे मोठ्या डोळ्यांचे चेहरे काढत असायची. हा क्लब जपानी ॲनिमेचा आहे, तो भोसरीतल्या एका पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमधून रिटायर झालेला, लातूरकडचा, सहा फुटी माणूस चालवतो, आणि त्याचं पूर्ण नाव ‘उगवता सूर्य ॲनिमे क्लब (नियोजित)’ आहे, हे सगळं मला त्या रात्री जेवताना कळलं.

“नियोजित म्हणजे?” मी विचारलं.

“काका म्हणाले, बोर्डावर कंसात काहीतरी असलं की लोक नीट वागतात.”

ॲनिमे हा शब्द काका ‘ॲ’वर जोर देऊन उच्चारत. त्याला कोणी कार्टून म्हटलेलं त्यांना खपत नसे. क्लबात जो ‘कार्टून’ म्हणेल त्याने दारातले सगळ्यांचे बूट-चपला जोडीने, टाचा भिंतीला लावून, मापात मांडायच्या असा नियम होता. मी सईला सोडायला पहिल्यांदा गेलो तेव्हा सहज म्हणालो, “काय काका, आज कुठलं कार्टून?” त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं मी दारात उकिडवा बसून चपला मांडत होतो आणि काका पाठीमागे उभे राहून सांगत होते, “ती गुलाबी आत घ्या. तिची लाइन सुटायली.”

क्लब भरायचा सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. हॉलच्या अर्ध्या भागात गणपतीचं मखर, एक मोडकी ट्रेडमिल आणि मागच्या कमिटीने आणलेली, कोणालाच नको असलेली कारंजी होती. उरलेल्या अर्ध्यात काकांचा प्रोजेक्टर आणि सतरंज्या. सुरुवातीला त्यांनी क्लब गुरुवारी ठेवला होता. भोसरीच्या एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी गुरुवारची, त्यामुळे सगळ्या जगाला गुरुवारी सुट्टी असते अशी त्यांची उभी हयात गेली होती. पहिल्या गुरुवारी एकही मूल आलं नाही. “आज सगळ्यांनी दांडी मारली,” असं ते मालनकाकूंना म्हणाले. “अहो, शाळा असते लेकरांना,” काकू म्हणाल्या. तेव्हा कुठे रविवार ठरला.

रविवारी सकाळी शिट्टी व्हायची. मग हजेरी, मग टूलबॉक्स टॉक. कारखान्यात शिफ्ट सुरू व्हायच्या आधी कामगारांना उभं करून चार गोष्टी सांगतात, तसं काका मुलांना रांगेत उभं करून सांगायचे, “मागच्या भागात काय झालं? गुरूला मार लागला. कशानं लागला? त्यानं पाठीमागं बघितलं न्हाई. आपुन काय शिकायचं? पाठीमागं बघायचं. चला, बसा.”

तलवारींची तपासणी व्हायची. पुठ्ठ्याच्या तलवारीचं टोक गोल हवं, काठाला चिकटपट्टी हवी. पोशाखांची तर पूर्ण इन्स्पेक्शन. हिरवं स्टिकर म्हणजे ओके, पिवळं म्हणजे रीवर्क आणि लाल म्हणजे रिजेक्ट. लाल त्यांनी कधीच कुणाला दिलं नाही, पण खिशात ठेवत, धाक म्हणून. मुलांना पिवळ्याचं भारी आकर्षण होतं, कारण पिवळं मिळालं की काका स्वतः मांडी घालून बसायचे आणि पंख नीट चिकटवून द्यायचे. आमच्या सईने मुद्दाम एक पंख उलटा लावलेला मी डोळ्यांनी पाहिलाय.

हे वेड घरात शिरायला वेळ लागला नाही. एकदा मी लग्नाला जायला कोट घालून तयार झालो, तर सईने मला आरशासमोरून फिरवलं, पाठीवर हात फिरवला आणि कोटावर पिवळं स्टिकर चिकटवलं. “बाबा, तुम्ही रीवर्क.” ते स्टिकर तसंच घेऊन मी लग्नात जेवून आलो.

रामेनचंही, म्हणजे तिकडच्या शेवयांच्या सूपचंही, काकांनी मनावर घेतलं होतं. मालिकेत सगळे वाडगे तोंडाला लावून सूप पितात, तर आपल्या लेकरांनी काय फक्त बघायचं? पण ते सामान महाग, आणि त्यातल्या निम्म्या वस्तू सईच्या आईने ‘हे आपण खातो का’ असं विचारून बाद केल्या असत्या. काकांनी गावाकडून आलेल्या येसर मसाल्याची झणझणीत आमटी केली, त्यात शेवया सोडल्या आणि वर अर्धं उकडलेलं अंडं ठेवलं. “तिकडं रामेन म्हनतेत, इकडं येसर,” त्यांनी जाहीर केलं. नाकातून पाणी गाळत मुलांनी वाडगे चाटून पुसून साफ केले. त्या दिवसापासून पालकही ‘मुलांना न्यायला’ म्हणून अर्धा तास आधी येऊ लागले.

काकांचा आवाज हा मात्र सोसायटीत चर्चेचा विषय होता. ते कायम वरच्या पट्टीत. कुजबुज म्हणून ते जे करत ते पार्किंगच्या गेटवर वॉचमनला ऐकू जाई. जन्मभर प्रेसच्या धडधडाटात बोलायची सवय, म्हणून असेल, असं सगळे म्हणत. शिवाय माणूस जरा ताठ आहे असंही बोललं जायचं. जिन्यात मागून हाक मारली तर वळत नसत. मीटिंगमध्ये कुणी काही सुचवलं तर ऐकलं न ऐकल्यासारखं करत. आणि क्लबात तर नियमच होता, “ज्याला बोलायचंय त्यानं पुढं यायचं, माझ्या तोंडाकडं बघून बोलायचं.” चित्रं शिकवतानाही पहिले डोळे. “डोळे मोठे काढा. लांबून कळलं पाहिजे मानूस काय म्हनायलाय.”

आता खालच्या पट्टीबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं.

सबटायटल्सना काका ‘खालची पट्टी’ म्हणत. हिंदीतून डब केलेलं ॲनिमे त्यांच्या क्लबात चालत नसे. भाषा मूळची जपानी, आणि खाली पट्टी. “खालची पट्टी वाचा!” हे त्यांचं वाक्य तर रविवारी सकाळी अख्ख्या बिल्डिंगला पाठ झालं होतं. अडचण अशी की पट्टी इंग्रजीत. काकांचं इंग्रजी आयटीआयपुरतं. ते प्रत्येक ओळीला चित्र थांबवायचे, ओठ हलवत वाचायचे, मोठ्या मुलांकडून अर्थ पक्का करून घ्यायचे आणि मग पुढे. छोटासा भाग बघायला सकाळ संपायची. राक्षस हवेत उडी मारायचा आणि तो खाली येईपर्यंत मुलांचं लिंबू सरबत पिऊन व्हायचं.

शेवटी तिसऱ्या मजल्यावरची तन्वी, इंजिनिअरिंगला होती ती, म्हणाली, “काका, मी लॅपटॉपवर मराठी पट्टी टाकून देऊ? भाषांतर तुम्ही लोकांनी करायचं.”

झालं! शनिवारची संध्याकाळ भाषांतराला लागली. मी एकदा ती मैफल बघायला बसलो होतो. पडद्यावर नायक कड्यावर उभा, वारा सुटलेला, समोर गाव जाळणारा वैरी. नायक काहीतरी भयंकर बोलतो.

सईने वाचून दाखवलं, “मी तुला कधीच क्षमा करणार नाही.”

“क्षमा?” काका गरजले. “ह्यो काय कीर्तन करायलाय का? गाव जाळलंय त्याचं! लिव्ह, ‘तुला सोडत नसतो.’”

मग नायक लातूरचाच झाला. राजकन्या बापाला म्हणायला लागली, “काय बोलायलाव बाबा तुमी!” यावर कुडाळच्या राणे कुटुंबातल्या मुलाने हरकत घेतली, की सगळे एकाच गावचे कसे? दोन शनिवार वाद चालला. शेवटी त्यातलं भूत मालवणीत बोलेल असं ठरलं. “भूत कुठल्या जिल्ह्याचं ते मालिकेत सांगितलेलं न्हाई,” काकांनी निकाल दिला, “तवा आपल्याला नाय म्हनता येत न्हाई.” त्या रविवारी काळ्या जंगलातून पांढरं भूत तरंगत आलं आणि खाली पट्टी उमटली, “रे मेल्या, खंय पळतस?” माझी बायको, जिला ॲनिमेत काडीचा रस नव्हता, ती हसून हसून सतरंजीवर आडवी झाली.

सगळं असं छान चाललं असताना लहान मुलं यायला लागली. बालवाडीतली, पहिलीतली. ओजस नावाचा एक पिटुकला होता, त्याला अक्षरं लावून लावून वाचावं लागायचं. त्याचा पहिला शब्द होईपर्यंत पट्टी बदलायची आणि तो भोकाड पसरायचा. त्याच्या आईचं म्हणणं साधं होतं. हिंदीत डब केलेलं मिळतं, ते लावा, सगळ्यांनाच कळेल. सेक्रेटरी निकम भला माणूस. त्यांनी तर उत्साहाने आपला मोठा स्पीकरही देऊ केला.

याच्यावर हॉलमध्ये मीटिंग झाली. काका प्रोजेक्टरची काच पुसत होते. निकम त्यांच्या मागे खुर्चीवर बसून बोलायला लागले, “काका, मी काय म्हणतो, सगळ्यांचा विचार करायला पाहिजे.”

काका काच पुसत राहिले.

“काका, तुमच्याशी बोलतोय मी.”

काकांनी काचेवर फुंकर मारली.

“बघा!” निकम आमच्याकडे वळून म्हणाले. “ऐकूनच घेत नाहीत, राव!”

मग ओजसची आई पुढे आली आणि समोर उभी राहून डबिंगचं म्हणाली, तेव्हा काकांनी मान हलवली. “न्हाई. डबिंग न्हाई.”

“पण का?”

“तिकडच्या लोकांनी मेहनतीनं आवाज दिलाय. तो काढून दुसरा घालायचा म्हंजे प्रोसेसच बिघडली.”

“मग छोट्यांनी काय करायचं?”

“वाचायला शिकायचं.”

लोक वैतागले. एकाच वेळी सगळे बोलू लागले. काका एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिले, मग तिसऱ्याच्या, आणि मग एकदम त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली, ती रिमोटशेजारी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “खालची पट्टी न्हाई तर माझं काय काम न्हाई. चालवा तुमी.” आणि निघून गेले. जाताना दारातली एक वाकडी चप्पल पायाने सरळ केली.

क्लबची जबाबदारी माझ्यावर आली. का, तर ओव्हरटाइम नसला की रविवारी मी घरी असतो आणि नाही म्हणायला मला जमत नाही. पुढच्या रविवारी निकमांच्या स्पीकरवर हिंदी डबिंग दणाणलं. हॉल भरला. ओजस टाळ्या वाजवत होता. राक्षस हिंदी सिनेमातल्या ठाकूरसारखा बोलत होता आणि मुलं खिदळत होती. कुठल्याही हिशोबाने सकाळ यशस्वी होती. फक्त टूलबॉक्स टॉक मला जमला नाही, एका तलवारीचं टोक कुणीतरी कुणाच्या तरी गालाला लावलं, आणि नूडल्स बाहेरून मागवले ते मुलांनी अर्धे टाकले. सई माझ्या शेजारी येऊन बसायची आणि दर थोड्या वेळाने दाराकडे बघायची.

त्याच्या पुढच्याही रविवारी काका आले नाहीत. क्लबच्या वेळेला ते सोसायटीबाहेरच्या बाकावर, रस्त्याकडे तोंड करून, एकटेच बसलेले दिसले. मी हॉलच्या खिडकीतून पाहिलं. एवढा दांडगा माणूस, पण तो बाकाच्या अगदी कडेला बसला होता, जणू कुणीतरी येणार आहे आणि त्याला जागा ठेवायचीय.

दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. बेल दाबली तर आवाज आला नाही. पुन्हा दाबली. दाराच्या वरच्या जाळीतून आत एक लाल बल्ब उघडमीट करताना दिसला. मालनकाकूंनी दार उघडलं. “या. बेल वाजत न्हाई आमची, पेटते,” त्या म्हणाल्या. “ह्यांच्यासाठी करून घेतलीय. ऐकायला येत न्हाई की त्यांना. तुमाला ठावं न्हाई?”

मला ठाऊक नव्हतं. आख्ख्या सोसायटीला ठाऊक नव्हतं. आम्ही त्यांना ताठ समजत होतो.

काका आतल्या खोलीत खिडकीजवळ बसले होते. मी समोर जाऊन बसलो. काकूंनी त्यांच्याकडे बघत, माझ्याकडे बोट करून, ओठ सावकाश हलवत सांगितलं, “सांगितलं मी कदमसाहेबांना.” काकांनी कपाळाला हात लावला.

“कानाचं मशीन हाय,” ते कपाटाकडे बोट दाखवून म्हणाले, “चांगलं हाय. पोरीनं घेऊन दिलंय. पण त्यातून पंखा ऐकू येतोय, भांडी ऐकू येतेत, रस्त्यावरचा टेम्पो ऐकू येतोय. मानूस तेवढा येत न्हाई. चार लोकं बोलायला लागली की सगळा चिवडा.”

“मग सांगायचं ना काका मीटिंगमध्ये. लोकांनी समजून घेतलं असतं.”

“म्हनूनच न्हाई सांगितलं. एकदा सांगितलं की लोकं वरडून बोलतेत. वरडलेलं ऐकू येतंय मला. पण ते बोलल्यासारखं वाटत न्हाई. रागावल्यासारखं वाटतंय.”

चहा आला. काकांनी बशीत ओतला, पण प्यायले नाहीत. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. आयुष्यात मी त्यांना एवढ्या हळू बोलताना पहिल्यांदाच ऐकत होतो.

पुतणीच्या साखरपुड्याला सगळे गोल करून बसले होते. गप्पा चालल्या होत्या. कुणीतरी काही बोललं की सगळे हसायचे, आणि काका त्यांचे चेहरे बघून, थोडं मागून, हसायचे. असं ते बरीच वर्षं करत आले होते. जमायचं. तेवढ्यात पलीकडचा एक पाहुणा बोलायला लागला. त्याचं तोंड जरा वाकडं झालेलं दिसलं. काकांना वाटलं, आता मजा येणार. यावेळी मागे राहायचं नाही म्हणून ते आधीच मोठ्याने हसले.

“नवरदेवाचा आजा गेला ते सांगायलेत,” काका म्हणाले. “आन मी हसलो.”

काकू म्हणाल्या, “तवापासून कुठंच येत न्हाईत. लग्न न्हाई, बारसं न्हाई. मी एकटीच जाते.”

“कुनी हसलं की मी विचारायचो, काय झालं? म्हनायचे, काही न्हाई, नंतर सांगतो. नंतर कोन सांगतंय साहेब? हसून झाल्यावर सांगण्यात काय ऱ्हातंय?”

मग तळेगावला लेकीकडे गेले असताना एका दुपारी नातू आणि त्याचे दोस्त ॲनिमे बघत बसले होते. काका मागे खुर्चीत. आवाज जपानी. “त्या खोलीत एकाला बी ती भाषा येत नव्हती,” काका म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत अचानक चमक आली. “सगळे माझ्यासारखेच बहिरे! सगळे खाली बघून वाचायलेत. मी बी वाचलं, दोन-चारच सोपे शब्द. एक जाडं बेडूक काहीतरी येडपटासारखं बोललं, आन पोरं हसली. मी बी हसलो. त्यांच्या बरुबर. मागून न्हाई, बरुबर!” त्यांनी दोन्ही तळवे एकमेकांवर आपटले. “किती वर्षांनी, साहेब.”

मी माझा गार झालेला चहा संपवून उठलो.

“खाली सांगू नका,” निघताना ते म्हणाले. “लेकरांना तर मुळीच न्हाई.”

आता आली पंचाईत. पट्टी परत आणायची, पण कारण सांगायचं नाही. घरी येऊन मी डोकं धरून बसलो. शेवटी सईला जवळ बोलावलं आणि अगदी आडून आडून म्हणालो, “सई, समजा क्लबात पुन्हा खालची पट्टी आणायची असेल, तर काय करता येईल?”

“काकांना ऐकू येत नाही म्हणून ना?” सई म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. “तुला कुणी सांगितलं?”

“सांगायचं काय त्यात? मागून हाक मारली की ते वळत नाहीत. म्हणून आम्ही पुढे जाऊन बोलतो. सगळ्यांना माहितीय.”

“ओजसला पण?”

“तो तर त्यांची पँट ओढतो.”

“मग आम्हाला का नाही सांगितलंत?”

“ते काकांचं आहे ना,” सई म्हणाली, जणू मी तिला दुसऱ्याचा डबा का उघडला नाहीस असं विचारत होतो. “आणि बाबा, आम्ही ठरवलंय. ओजसला आणि छोट्यांना तन्वीताई आणि आम्ही रोज खाली खेळताना वाचायला शिकवतोय. ओजसला जोडाक्षरं जमत नाहीत अजून. म्हणून आम्ही पुढच्या भागात जोडाक्षरंच ठेवली नाहीत.”

पुढच्या भागाचं भाषांतर मी पाहिलं. खरंच एकही जोडाक्षर नव्हतं. राक्षसाला राक्षस म्हणता येईना, म्हणून सगळीकडे ‘दानव’ केलं होतं.

निकमांकडे मुलंच गेली. छोट्यांसाठी आधी थोडा वेळ हिंदी, मग सगळ्यांसाठी पट्टी, असा त्यांनी तोडगा मांडला. निकम लगेच हो म्हणाले. “एवढंच होतं तर आधी बोलायचं की राव!” ते मला म्हणाले. एवढंच म्हणजे काय, ते मी त्यांना सांगितलं नाही.

रविवारी सकाळी सगळी फौज पोशाख करून काकांच्या दारात गेली. मीही मागे होतो. बेल दाबली, आत लाल उजेड लुकलुकला. काकांनी दार उघडलं. समोर पंख, शेपट्या, मुखवटे, शिंगं. कुणीच ओरडलं नाही. ओजस पुढे झाला, मान वर करून काकांच्या तोंडाकडे बघत एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “काका, खाली, चला. मला, वाचता, येतं.”

काकांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. एकाची तलवार हातात घेतली, टोकावरून अंगठा फिरवला.

“कुनी केलंय हे?” ते गरजले. “सगळी बॅच रीवर्क! चला खाली!”

मुलांनी असा काही आरडाओरडा केला की तो बहुधा त्यांनाही ऐकू गेला असेल. त्यांच्यामागून मालनकाकू पदर सारखा करत निघाल्या. “बघते तरी काय असतंय ते,” म्हणाल्या.

त्या दिवशी मी काकांच्या शेजारी सतरंजीवर बसलो. पलीकडे काकू. पडद्यावर एक लठ्ठ मांजर मासळीच्या दुकानात मुद्देमालासह पकडलं गेलं होतं. तोंडात मासा तसाच. दुकानदार कमरेवर हात ठेवून उभा. मांजराने मोठ्या गंभीर चेहऱ्याने काहीतरी म्हटलं आणि सगळा हॉल फुटला. ओजस, सई, तन्वी, निकम. काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. काका मांडीवर थाप मारून हसत होते, त्या सगळ्यांच्या अगदी बरोबर.

मी काकांकडे बघत बसलो होतो. त्यामुळे पट्टी वाचायची राहून गेली.

काका हसता हसता माझ्याकडे वळले. मी हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांचं हसू थांबलं. मी घाईघाईने तोंड हसरं केलं, पण असलं हसणं त्या माणसाला काय फसवणार? त्यांनी लगेच रिमोट उचलला आणि चित्र मागे नेलं. मुलं ओरडली, “काय झालं काका?”

“थांबा रे,” काका म्हणाले. “कदमसाहेबांचं ऱ्हायलं.”

सगळा हॉल माझ्यासाठी थांबला. मांजर पुन्हा पकडलं गेलं. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने पडद्याच्या तळाकडे बोट दाखवलं. खाली अक्षरं उमटली, ‘हा मासा माझा पाहुणा आहे.’

मी हसलो. सगळे पुन्हा हसले, काकूही.

“आलं का ध्यानात?” काकांनी माझ्या तोंडाकडे नीट बघत विचारलं.

“आलं,” मी त्यांच्याकडे बघून म्हणालो.

त्यांनी आणखी क्षणभर खात्री करून घेतली, आणि मगच चित्र पुढे जाऊ दिलं.